फुटामागे दीड सूत

अण्णा, परवा खंडेनवमीला लोधिवलीत माझं भाषण होतं. देवळापुढच्या अंगणात पूजा मांडली होती. एक ट्रॅक्टर, दोन फवारणीचे पंप, विळे, कोयते, आणि या सगळ्यांच्या मधोमध चौरंगावर गावातल्या एका मोठ्या घरची तलवार. तीन पिढ्यांत ती म्यानातून निघालेली नाही. गंजून म्यानाला अशी धरली आहे की आता निघायचीही नाही. भात कापणारे विळे खाली जमिनीवर आणि ही चौरंगावर. मी ते पाहिलं आणि माझं भाषण तिथंच तयार झालं. माझं भाषण कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पहिलं तुम्हीच ऐकलंत. मी तलवारीपासून सुरुवात केली आणि नेहमीसारखी तुमच्या विमानांवर आले. महायुद्धात शहाण्यासुरत्या माणसांनी काढलेली, काही बांधलेली, आणि एकाही लढाईत न उतरलेली ती विक्षिप्त विमानं, ज्यांचे लाकडी नमुने तुम्ही करायचात. लोक पोट धरून हसले. पंचवीस वर्षं हसताहेत. भाषण संपल्यावर काठी टेकत एक म्हातारा पुढं आला. त्याची जमीन पूर्वी कर्जतला मैदानाला लागून होती, आता लोधिवलीत लेकीकडं राहतो. म्हणाला, "बाय, तू दहिवलीच्या मिस्त्रीची पोर ना? तुज्या बापानं उडवल्यालं विमान माज्या खाचरात पडलं हुतं. लय हसलो गं आमी." मी म्हटलं, हसण्यासारखंच होतं. तर म्हणतो, "दुसऱ्या दिशी सक्काळी तुजा बा माज्या दारात. चार चुडं भात मोडलं म्हनून माफी मागाय आल्ता. मलाच लाज वाटली."

हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्याच दिवशी तुमच्यावर आणखी चिडले असते. माफी मागायची तुम्हाला इतकी हौस होती की ज्याचं काही बिघडलं नाही त्याच्याही दारात तुम्ही जाऊन उभे राहायचात. खोपोलीच्या गाडीत कुणाचा पाय तुमच्या पायावर पडला तरी "चुकलं" तुम्हीच म्हणायचात. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली, पण तुमच्या त्या वाकलेल्या मानेचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. त्या रागाच्या भरातच हे लिहायला बसले आहे.

तुम्ही खोपोलीच्या फौंड्रीत लाकडी साचे करायचात. साचा वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा, राहिलेल्या पोकळीत वितळलेलं पितळ ओतायचं, की पंपाचा भाग तयार. पितळ जगभर फिरायला जातं आणि साचा फळीवर धूळ खात बसतो. माणसानं आपल्या स्वभावाचा धंदा निवडावा तसा तुम्ही निवडला होता. आणि त्या धंद्याची ती पट्टी. मी दहा वर्षांची असताना पडवीत तुमच्याशेजारी बसले आहे. तुम्ही माझी शाळेची फूटपट्टी आणि तुमची पिवळी, कडेनं झिजलेली पट्टी शेजारीशेजारी मांडीवर ठेवता आणि म्हणता, "बघ गं बाय. तुजा फूट हितं संपतो. माजा हितं." तुमचा फूट दीड सूत मोठा. आठ सुतांचा एक इंच, म्हणजे फरक करंगळीच्या अर्ध्या नखाएवढा. ओतलेलं पितळ थंड होताना आकसतं, म्हणून साचा आधीच तेवढा वाढवून करायचा, आणि दर वेळी गणित करायला नको म्हणून पट्टीच वाढीव असते. मला ते जादूसारखं वाटलं होतं. पुढं कळलं की तुम्ही घरातही दुसरी पट्टी वापरतच नव्हता. मांडणी, पाट, देव्हारा, आईचा पोळपाट, दाराची चौकट, सगळं तुमच्या हातचं आणि सगळं त्या वाढीव फुटाचं. घरातली प्रत्येक वस्तू जगापेक्षा थोडी मोठी, पण सगळ्याच तेवढ्या मोठ्या, म्हणून कुणाला पत्ता नाही. मला वाटतं, तुम्ही आयुष्यभर त्या समजुतीत राहिलात की बाहेरही असंच असतं.

युद्धाच्या काळात आणि ते संपल्यावरही वर्षभर तुम्ही पुण्याला लष्करी वर्कशॉपात होता. तिथून तुम्ही काय आणलंत? इतरांनी बूट आणले, ब्लँकेटं आणली, एकानं तर शिलाईचं यंत्र आणलं असं आई सांगायची. तुम्ही एका गोऱ्या साहेबानं फेकून दिलेल्या इंग्रजी मासिकांचा गठ्ठा आणलात, जी तुम्हाला वाचताही येत नव्हती. मी इंग्रजी शिकेपर्यंत तुम्ही ती नुसती बघितलीत, दहा वर्षं. मग रोज संध्याकाळी मी वाचायची आणि तुम्ही सरस ढवळत ऐकायचात. लाकूड चिकटवायचा तो हाडं-कातड्याचा सरस आईच्या चुलीवरच उकळायचा. आई म्हणायची, "माज्या भाताला मेल्या ढोराचा वास येतोय, आन् बापलेक विमानाच्या गोष्टी करताय." एक विमान थाळीसारखं गोल. एक शेपटावर उभं राहून सरळ वर जाणारं, कमरेभोवती पंख गरगर फिरवत. उतरताना वैमानिकानं मान मागं वळवून, पाठीकडं बघत उतरायचं. एका शहाण्यानं रणगाड्यालाच पंख लावले होते. ओढून नेणाऱ्या विमानाची इंजिनं तापली म्हणून वैमानिकानं रणगाडा वाटेतच सोडून दिला, तो कसाबसा उतरला आणि रस्त्यानं चालत घरी गेला. एकजण कोळशावर चालणारं विमान काढत बसला होता, कारण देशात तेल उरलं नव्हतं. एक लाकडाचं होतं. त्याच्या चांगल्या सरसाचा कारखाना बॉम्बहल्ल्यात गेला, मग दुसरा कसला तरी सरस वापरला आणि तो सरस लाकूडच खायला लागला. हे वाचताना तुम्ही हातातली काडी थांबवलीत. "लाकूड खाल्लं?" तुम्ही मला तीनदा विचारलंत. शहरं जळत होती, माणसं मरत होती, त्याचं काही नाही. सरसानं लाकूड खाल्लं म्हणून तुमच्या डोळ्यांत पाणी.

आणि मग तुम्ही त्यांचे नमुने करायला लागलात. आढ्याला दोऱ्या बांधून लटकवलेली ती वेडीविद्री पिलावळ अजून डोळ्यांपुढं येते. मी एकदा विचारलं, लढलेली चांगली विमानं आहेत ना याच पुस्तकात, ती का करत नाही? तुम्ही म्हणालात, "त्यांना फोटू हाय, पुतळं हाय. ह्यांनी कुणाला मारलं नाय गं. कागदावरच ऱ्हायली बिचारी." बिचारी! अण्णा, मी तेव्हा बोलले नाही, आता सांगते. पुढं मी जे हाताला लागेल ते वाचलं. ही विमानं कुठं बांधली गेली तेही वाचलं. डोंगर पोखरून केलेल्या भुयारांत, उपाशी कैद्यांच्या हातांनी. लाकडाचं एक रॉकेट-विमान सरळ वर सोडलं, त्याच्या पहिल्याच उड्डाणात आत बसलेला माणूस मेला. ज्या बुद्धीनं पूल बांधायचे, धान्य टिकवायचं, ती बुद्धी हरलेल्या युद्धाच्या शेवटच्या महिन्यांत कोळशाचं विमान काढत बसली, कारण टेबलापाशी बसून रेघा मारणं हे बाहेर जाऊन "बस्स झालं" म्हणण्यापेक्षा सोपं होतं. मी भाषणात सांगते, ती विमानं निष्पाप नव्हती, ती फक्त उशिरा पोचली. टाळ्या पडतात. टाळ्या पडल्या तरी वाक्य खरं आहे. मारायला निघालेली आणि वाटेत मोडलेली वस्तू संत होत नाही. तुम्ही त्यांना देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णासारखं पुसायचात, त्याची मला तेव्हाही चीड होती, आजही आहे.

आता त्या दसऱ्याचं. माझं पंधरावं वर्ष. कर्जतला तंत्रशाळा निघणार होती आणि तिला सुतारकाम शिकवणारा हवा होता. तुमच्याकडं सर्टिफिकेट नव्हतं, पण शाळा काढणाऱ्या मंडळाचे चिटणीस एकदा फौंड्रीत येऊन तुमचे साचे बघून गेले होते. ते म्हणाले, "मिस्त्री, कागद नसेना का. दसऱ्याला मैदानात सगळं मंडळ असेल. हाताचं काहीतरी असं करून दाखवा की कुणाला बोलायला जागा राहू नये. पुढचं मी बघतो." तुम्ही घरी येऊन ते आईला सांगितलंत तेव्हा तुमचा आवाज बदलला होता. आई भाकरी थापता थापता थांबली आणि म्हणाली, "म्हंजे लोक तुमाला मास्तर म्हनतील?" तुम्ही नुसते हसलात. एवढंच हवं होतं तुम्हाला आयुष्यात. एकदा कुणीतरी मास्तर म्हणावं.

आणि त्यासाठी तुम्ही काय निवडलंत? एखादी नक्षीची चौकट केली असती, जिन्याचा कठडा केला असता, सरळ पंखांचं साधं विमान केलं असतं, तरी काम झालं असतं. तुम्ही निवडलंत ते तिरपं विमान. दोन पंख मिळून एकच सरळ पातं, आणि ते धडावर तिरकं बसवलेलं. डावा भाग पुढं नाकाकडं झुकलेला, उजवा मागं शेपटाकडं. ते खऱ्यात कधी बांधलंही गेलं नाही, नुसत्या कागदावरचं. बघणाऱ्याला वाटावं गाडीखाली आलंय. मासिकातल्या चित्रावरून त्याचा मोठा नकाशा मी काढला. तीन फुटांचा एकेक पंख, त्यातल्या प्रत्येक फासळीचं अंतर, सगळे आकडे माझ्या हातचे. तुम्ही तो नकाशा भिंतीला लावलात आणि बराच वेळ बघत राहिलात. म्हणालात, "हात चांगला हाय गं तुजा." मला ते वाक्य हवंच होतं. मी लगेच विचारलं, "अण्णा, तंत्रशाळेत नकाशे काढायचा वर्ग असणार आहे. तुम्ही मास्तर झालात की मला घ्याल?" तुम्ही माझ्याकडं न बघता रंधा उचललात. "पोरीचं काय काम तिथं? समदी पोरं असतील. उगी लोक हसतील." झालं. ज्या माणसाला तिरप्या विमानाला लोक हसतील याची भीती नव्हती, त्याला माझ्यासाठी लोक हसतील याची भीती वाटली. त्या दिवशी मी तुम्हाला मनातून खाली ठेवलं.

महिनाभर गल्लीनं मजा केली. तुम्ही विमान उन्हात ठेवलं की जाणारायेणारा थांबायचा. दूधवाला म्हणायचा, "मिस्त्री, एक पंख नेरळला, एक खोपोलीला, आन् तुमी कर्जतला! तिकीट कुटलं काढायचं?" शेजारच्या म्हातारीनं आईला विचारलं, "गं बाय, वाळत घालताना पिळा पडला का त्याला?" तुम्ही सगळ्यांबरोबर हसायचात. मला तुमची लाज वाटायची, आणि त्यांचा तिटकारा यायचा. ज्यांनी जन्मात खिळा सरळ ठोकला नाही ती माणसं तुमच्या हातच्या कामाला हसत होती. आणि तुम्ही त्यांना चहा पाजत होता.

खंडेनवमीला सकाळी तुम्ही हत्यारं धुतलीत, पुसलीत, पाटावर मांडलीत. करवत, रंधे, पटाशा, गिरमिट, आणि शेवटी ती पिवळी पट्टी. हळदकुंकू, झेंडू, आपट्याची डहाळी. आता दसऱ्याला सकाळी पूजा हलेपर्यंत हात लावायचा नाही. वडिलांचा रिवाज, तुमचा रिवाज. दुपारी आढ्यावरून मांजरानं उडी मारली, दोरी तुटली, विमान पाट्यावर आपटलं आणि उजवा पंख धडाजवळून मोडला. फासळ्यांचा चुरा. दुसऱ्या दिवशी दुपारी मैदानात मंडळ बसणार, आणि सरस वाळायला रात्र हवी, म्हणजे काम आजच व्हायला हवं. आई म्हणाली, "देव काय म्हननार नाय, घ्या हत्यारं." तुम्ही मान हलवलीत. "आज नाय धरायचं." मी म्हटलं, "मग उद्या मोडकंच दाखवा." तुम्ही उठलात आणि शेजारच्या चाचांकडं गेलात. ते मुसलमान सुतार, त्यांची हत्यारं पूजेत नव्हती. चाचा नेरळला कामावर होते, चाचींनी पेटी काढून दिली. तुम्ही ती पेटी घेऊन आलात आणि खुशाल करवत चालवायला लागलात. काय तुमचा धर्म, अण्णा! तुमच्या करवतीवर देवाचा डोळा आणि चाचांच्या करवतीवर नाही? मी हा किस्सा भाषणात सांगते. फार हशा पिकतो. पण तेव्हा मी नुसती दाराशी उभी राहून बघत होते. पेटीत सगळं होतं, फक्त चाचांची घडीची पट्टी नव्हती. ती त्यांच्या खिशातून नेरळला गेली होती. तुम्ही तुमच्या पूजेतल्या पट्टीकडं एकदा बघितलंत. मग हात लांब केलात. "बाय, तुजी शाळंची पट्टी दे गं जरा." मी दप्तरातून काढली आणि दिली.

नकाशावरचे आकडे वाचत वाचत तुम्ही पंख केलात. तिन्हीसांजेला तो बसला. सरळ विमान असतं तर दोन पंख एकमेकांवर ठेवून पाहता आले असते, डोळ्यालाही फरक कळला असता. इथं एक पुढं आणि एक मागं, कुणाला काय कळणार? डावा पंख तुमच्या फुटाचा आणि उजवा जगाच्या फुटाचा. फुटामागे दीड सूत, तीन फुटांत साडेचार. अर्ध्या इंचाहून जास्त. आणि फासळ्यांची रुंदीही त्याच हिशोबानं कमी. साच्याचं काम करणाऱ्या माणसाशिवाय ही चूक कुणाच्या हातून होणारच नाही, आणि त्याच्या हातूनही खंडेनवमीशिवाय झाली नसती.

दुसऱ्या दिवशी मैदानात मंडप, खुर्च्या, हार. तुम्ही धुवट सदरा घातला आहे. टेकाडावर चढताना विमान डोक्याच्या वर धरलं आहे, जत्रेत पोराला धरतात तसं. खाली कुणीतरी ओरडतं, "मिस्त्री, जपून! खोपोलीच्या बाजूनं वारा हाय!" तुम्ही दोन पावलं धावता आणि सोडता. आणि अण्णा, ते उडालं. हे मी कुठल्याही भाषणात सांगितलेलं नाही. डोक्यात मोजलं तर आठ-दहा आकडे होतील एवढा वेळ ते इतकं सुंदर तरंगलं की अख्ख्या मैदानाच्या माना त्याच्यामागं वळल्या. तिरकं, वेडं, आणि हवेत अगदी शहाणं. चिटणीस खुर्चीतून उठले. मग त्याचा उजवा खांदा किंचित खाली गेला. आणखी खाली गेला. वळत, कलत, ते मैदानाबाहेर पिकलेल्या भातात शिरलं. चिटणीस बसले आणि मोठ्यानं म्हणाले, "मिस्त्री, तुमच्या विमानाला शेताची ओढ दिसते!" मग जे हसणं सुटलं ते थांबेना. तुम्ही खाचरातून मोडके तुकडे गोळा करून आणलेत आणि मंडपाच्या कडेला जमिनीवर, ते मांडीवर घेऊन बसलात.

त्यानंतर माझं भाषण होतं. शाळेनं लिहून दिलेलं, विजयादशमीचं महत्त्व, पाठ केलेलं. मी उभी राहिले आणि त्यातला एकही शब्द बोलले नाही. मी म्हटलं, आपण हत्यारं पुजतो, कारण ती चालवायची आपल्याला भीती वाटते. म्हटलं, जगात चालणाऱ्या शेकडो गोष्टी असताना जो माणूस कधीच न चाललेल्या गोष्टीचा नमुना करतो, त्याला पडण्याची हौस असते. म्हटलं, शेजाऱ्याची करवत चालते आणि आपली चालत नाही, असल्या श्रद्धेवर उभं केलेलं विमान खाचरातच उतरणार. नाव घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती, तुम्ही दहा हातांवर बसला होता. टाळ्या अशा वाजल्या की मला कानात काही ऐकू येईना. चिटणीसांनी स्वतःच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला. "मुलगी नाव काढणार," म्हणाले. काढलं. ज्या मंडळाच्या शाळेत पोरीचं काम नव्हतं, त्याच मंडळानं मला बाहेरगावच्या स्पर्धांना धाडलं. सुतारकामाला सर्टिफिकेटवाला आला. तो मुलांकडून दोन वर्षं एकच स्टूल करून घेत होता.

घरी आलो. तुम्ही पाय धुतलेत, विमानाचे तुकडे आढ्यावर ठेवलेत आणि मला म्हणालात, "चांगलं बोललीस गं. फकस्त शेवटाला घाई करतेस. शेवटची वाक्यं सावकाश टाक." एवढंच. बाप म्हणून कान उपटला असता, दोन दिवस अबोला धरला असता, ताट भिरकावलं असतं, तर मी तुमच्याशी भांडले असते आणि भांडणात सगळं बाहेर आलं असतं. तुम्ही मला वक्तृत्वाच्या मास्तरासारखी सूचना दिलीत. मी अजून ती पाळते. शेवटची वाक्यं सावकाश टाकते, आणि लोक म्हणतात बाईंचा शेवट काळजात जातो.

चार दिवसांनी मी शाळेतून आले तेव्हा तुम्ही पडवीत बसला होता. दोन्ही पंख समोर. मांडीवर माझी फूटपट्टी आणि तुमची पिवळी पट्टी शेजारीशेजारी, मी दहा वर्षांची असताना ठेवल्या होत्या तशाच. मी उंबऱ्यावर थांबले. तुम्ही वर बघितलंत. मला वाटलं, आता. तुम्ही माझी पट्टी सदऱ्याला पुसून माझ्यापुढं धरलीत आणि विचारलंत, "चाय ठेवला का गं आईनं?" त्यानंतर तुम्ही एकही विमान केलं नाहीत. आणखी आठ वर्षं खोपोलीच्या गाडीनं जात राहिलात. फौंड्रीत तुम्हाला मिस्त्रीच म्हणत. शेवटपर्यंत.

मी पुण्याला कॉलेजात जायला निघाले तेव्हा तुम्ही मला एक मेज करून दिलंत. सागवानी, घडीचं, एक खण असलेलं. त्याच मेजावर मी सगळी भाषणं लिहिली. तुमच्या विरोधातलीही, कारण तुम्ही लोधिवलीच्या त्या तलवारीएवढेच माझ्या कामाचे होता. जे बोलत नाही, उलटून येत नाही, त्याच्यावर बोलणं सोपं. परवा लोधिवलीहून आले आणि काय मनात आलं कोण जाणे, तुमची पिवळी पट्टी काढून मेज मोजायला घेतलं. मला वाटलं होतं, बरोबर तीन फूट भरेल, घरातल्या सगळ्या वस्तूंसारखं. भरेना. साडेचार सूत कमी. मग शिंप्याकडची टेप आणून लावली. चोख तीन फूट. खण चोख एक फूट. घरात तुम्ही केलेली ही एकच वस्तू जगाच्या पट्टीनं केलेली. बाहेर जाणाऱ्या पोरीला बाहेरचं माप, असा विचार केला असेल. किंवा माझीच शाळेची पट्टी मागं राहिली होती, ती मुद्दाम वापरली असेल. हा टोमणा होता की आणखी काही, मला ठरवता येत नाही. टोमणा असेल तर बरं. टोमण्याला उत्तर देता येतं.

विमानांबद्दल माझं मत बदललेलं नाही, अण्णा. ती उशिरा पोचलेली खुनी यंत्रं होती आणि त्यांची पूजा करणं हा बावळटपणा होता. पूजेतल्या हत्याराला हात न लावता शेजाऱ्याचं हत्यार धरणं हा ढोंगीपणा होता. पोरीला वर्गात न घेणं हा भित्रेपणा होता. यातला एकही शब्द मी मागं घेणार नाही, आणि पुढच्या सभेतही हेच बोलेन. हे कागद खणात ठेवणार आहे. पाठवायचं तरी कुठं?

फक्त एक. त्या दुपारी तुम्ही हात लांब केलात आणि मी दप्तर उघडलं तेव्हा तुमची पट्टी पाटावर झेंडूखाली होती आणि माझी माझ्या हातात. दोन्ही मला दिसत होत्या. डावा पंख कुठल्या पट्टीचा हेही मला ठाऊक होतं, तो करताना मी शेजारी बसून आकडे वाचले होते. "अण्णा, ही आखूड हाय." चारच शब्द होते आणि ते माझ्या तोंडात आलेले होते. मी ते गिळले आणि पट्टी दिली.